नवा कॉम्प्युटर, जुनी लायसन्सं: फॉरमॅट मारण्याआधी काय सोडवून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात महाल भागात छपाईचं छोटं दुकान, काम मुख्यतः लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं. २०१४ साली घेतलेला कॉम्प्युटर आता थकलाय. त्यावर विंडोज ७ वरून अपग्रेड केलेलं विंडोज १०, ऑफिस २०१९, हिशोबाच्या टॅलीप्राइमचं सिल्व्हर लायसन्स, पत्रिका मांडायला कोरल ड्रॉ आणि पेजमेकर, अँटीव्हायरस आणि लॉकवर, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या चावीवजा उपकरणावर, चालणारी श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं आणि फॉन्टचं पॅकेज आहे. बर्डीच्या बाजारातून विंडोज ११ टाकलेला असेंबल्ड कॉम्प्युटर घेतलाय. दुकानदार म्हणतो, जुनी हार्ड डिस्क क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल काढून देतो, सगळं जसंच्या तसं उतरेल, मग जुन्यावर फॉरमॅट मारून पोरांना द्या. हे चालेल का, आणि लायसन्सचे पैसे पुन्हा भरावे लागतील का?

क्लोन करून काम भागणार नाही, आणि फॉरमॅट तर आत्ता अजिबात मारू नका. पैशांचं म्हणाल तर एखाद-दुसरी गोष्ट सोडून परत भरावे लागू नयेत. पण ती एखाद-दुसरी कोणती, हे तुमच्याकडची बिलं, ईमेल खाती आणि ते लॉक कुठल्या जातीचं आहे यावर ठरेल. त्यामुळे खाली जिथे "बघा" म्हटलंय तिथे खरंच बघा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

दुकानदार प्रामाणिकपणे सांगत असेल, पण तो फायलींबद्दल बोलतोय. लायसन्सची नोंद फायलींमध्ये क्वचितच असते. तुमच्या यादीतल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद चारपैकी एका जागी आहे: मदरबोर्डला चिकटलेली, कुठल्यातरी ईमेल खात्यावर, कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या मशीनच्या ओळखीसकट, किंवा लॉकच्या आत. पेजमेकरसारखं जुनं सॉफ्टवेअर मात्र यांतलं काहीच मागत नाही, त्याला नुसता सिरियल नंबर पुरतो. कुठलं लायसन्स कुठे नोंदलंय हे एकदा कळलं की काय करायचं ते आपोआप ठरतं.

मशीनची ओळख म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचे बरेचसे घोळ तिथूनच होतात. ॲक्टिव्हेशनच्या वेळी, म्हणजे लायसन्स चालू करून घेताना, सॉफ्टवेअर मदरबोर्डचा क्रमांक, प्रोसेसरची माहिती, हार्ड डिस्कचा किंवा तिच्या पार्टिशनचा क्रमांक, नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस यांतल्या काही गोष्टी वाचतं आणि त्यांचा मिळून एक बोटाचा ठसा तयार करतं. कुठली कंपनी यांतलं काय वाचते आणि किती बदल चालवून घेते, हे प्रत्येकीचं वेगळं. क्लोन केल्यावर फायली त्याच राहतात, पण मदरबोर्ड, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड सगळं नवीन. सॉफ्टवेअर ठसा जुळवून बघतं, जुळत नाही, आणि ते ट्रायल किंवा एज्युकेशनल, म्हणजे चाचणीपुरत्या अर्धवट मोडमध्ये जाऊन बसतं. पार्टिशन फॉरमॅट केलं की त्याचा क्रमांकही बदलतो. म्हणून त्याच जुन्या मशीनवर फॉरमॅट मारून परत तेच सॉफ्टवेअर टाकलं तरी कधी कधी लायसन्स मागतं.

तुमच्या बाबतीत क्लोनला आणखी एक अडचण आहे. २०१४ च्या काळातली विंडोज ७ बहुतेक वेळा मशीन सुरू होण्याच्या जुन्या बायोस पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेली असायची. आजचे बरेच बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात. म्हणजे क्लोन केलेली डिस्क नव्या मशीनवर सुरूच न होण्याची शक्यता बरीच. झालीच, तर आत विंडोज १० असेल, जिचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय. नवा कॉम्प्युटर घेऊन त्यावर जुनं दुखणं बसवण्यात काय अर्थ? क्लोन किंवा इमेज (पूर्ण डिस्कची फाइलीत साठवलेली प्रत) जरूर काढा, पण ती वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप म्हणून ठेवा.

आता एकेक घेऊ. विंडोजपासून सुरू करतो, कारण तिथे न्यायचं काही नाही, तपासायचं मात्र आहे.

कॉम्प्युटरसोबत आलेल्या विंडोजला ओईएम लायसन्स म्हणतात. ते ज्या मदरबोर्डसोबत आलं त्याच्याच सोबत संपतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर ते नेता येतं, अट एवढीच की जुन्यावरून काढलं पाहिजे. तुमचं विंडोज ७ कॉम्प्युटरसोबत आलेलं असेल, तर त्यावरून फुकट अपग्रेड झालेलं १० हेसुद्धा त्याच मशीनचं. इथे एक फसवी जागा आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय टाइप केलं की एक खिडकी येते, त्यात लायसन्सचा प्रकार लिहिलेला असतो. फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवर तिथे "रिटेल" असं दिसतं आणि लोक खूश होतात. त्याच खिडकीत कीची, म्हणजे लायसन्सच्या कोडची, शेवटची पाच अक्षरं बघा. ती प्रो आवृत्तीला ३व्ही६६टी किंवा होम आवृत्तीला ८एचव्हीएक्स७ असतील, तर ती मायक्रोसॉफ्टची सगळ्यांना लागणारी सर्वसाधारण की आहे. खरं लायसन्स त्या हार्डवेअरच्या नावाने मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेलं आहे. विंडोज वेगळी विकत घेतल्याची पावती हातात नसेल, तर ते न्यायचा विचार सोडून द्या. गरजही नाही, नव्यावर विंडोज ११ आहेच.

आहेच, पण कसली आहे? हीच कमांड नव्या मशीनवर चालवा. असेंबल्ड कॉम्प्युटरच्या खिडकीत "व्हॉल्यूम" आणि त्यापुढे "केएमएस क्लायंट" असे शब्द दिसले, तर विंडोज तुमच्यासाठी विकत घेतलेली नाही. केएमएस ही मोठ्या कंपन्यांची पद्धत आहे. त्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, ते परत परत नवं होत राहतं. दुकानात घेतलेल्या एकट्या मशीनवर ते दिसलं, तर बहुधा क्रॅक टूल चालवलेलं आहे. डी-एल-आय ऐवजी एक्स-पी-आर टाकलं की मुदत दिसते. तिथे कायमस्वरूपी ऐवजी तारीख आली, की आधी दुकानदाराकडे जा आणि बिलावर विंडोजचं लायसन्स वेगळ्या ओळीत लिहून घ्या. हे आजच करायचं काम आहे, कारण पुढे सगळं या विंडोजवर बसवणार आहात. भीती घालायची म्हणून नाही, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब जाणूनबुजून पायरेटेड प्रोग्राम वापरण्याबद्दलच आहे: किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्याच्या ठिकाणी ही जोखीम काही हजारांसाठी घेण्यासारखी नाही.

ऑफिस २०१९ सोपं आहे, जर तुम्हाला ईमेल आठवत असेल तर. वर्ड उघडा, फाइलमध्ये जाऊन अकाउंट बघा. तिथे दिसणारा ईमेल बहुधा तोच असतो ज्यावर की नोंदवली, पण दरवेळी नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्या खात्याने लॉगिन करून सर्व्हिसेस आणि सबस्क्रिप्शन्सच्या पानावर ऑफिस २०१९ दिसतंय का ते बघा. दिसलं तर लायसन्स खात्यावर आहे. जुन्यावरून ऑफिस अनइन्स्टॉल करायचं, नव्यावर त्याच खात्याने लॉगिन करून त्याच पानावरून डाउनलोड करायचं. करारात अशी अट आहे की तुमच्याच मालकीच्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण ९० दिवसांतून एकदाच, आणि मशीन बिघडलं असेल तर त्याला सूट. म्हणून आधी नव्यावर टाकून बघू, नाही जमलं तर परत जुन्यावर, असे खेळ करू नका. ऑफिस कॉम्प्युटरसोबत आधीच भरून आलेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते त्या मशीनसोबतच राहतं. ऑफिस २०१९ चा सपोर्टही विंडोज १० सोबत त्याच दिवशी संपलाय. विंडोज ११ वर चालेल, पण सुरक्षेचे अपडेट यायचे नाहीत. पत्रं आणि कोटेशनं टाइप करण्यापुरतं असेल तर आणखी काही दिवस ओढता येईल. बाहेरून आलेल्या फायली रोज उघडत असाल तर नवं घेण्याचा विचार करा.

टॅलीला जरा जास्त वेळ द्या. इथे चूक झाली तर दुकानाचं बिल फाटत नाही.

टॅलीचं लायसन्स कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या मशीनच्या ओळखीसकट नोंदलेलं असतं. ते गॅस कनेक्शनसारखं आहे: आधी जुन्या एजन्सीत जमा करून कागद घ्यायचा, मग नव्या पत्त्यावर सुरू करायचं. टॅलीत या जमा करण्याला सरेंडर म्हणतात. एफ१ दाबून हेल्प, त्यात सेटिंग्ज, त्यात लायसन्स, आणि तिथे सरेंडर. तुमचा टॅली डॉट नेट आयडी, म्हणजे लायसन्स ज्या ईमेलवर आहे तो, आणि त्याचा पासवर्ड विचारला जाईल. नेट चालू लागतं, आणि हे करताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस चार्ज आहे ना बघा. सरेंडर झाल्याचा संदेश आल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा. मग नव्या मशीनवर टॅलीप्राइम टाकून "रिॲक्टिव्हेट" निवडायचं, सिरियल नंबर आणि तोच ईमेल द्यायचा. ईमेलवर किंवा मोबाइलवर एक अनलॉक की येते, ती टाकली की झालं.

अडतं ते याच ईमेलपाशी. पुष्कळ दुकानांत टॅली बसवली तेव्हा हिशोब बघणाऱ्या मुलाचा किंवा विक्रेत्याचाच ईमेल दिलेला असतो. तो मुलगा सोडून गेलेला असतो, मोबाइल नंबरही त्याचाच. हे सरेंडरच्या दिवशी कळलं तर काम अडकतं, कारण ईमेल बदलायला टॅलीच्या पार्टनरमार्फत (अधिकृत विक्रेत्यामार्फत) मालकीचे कागद द्यावे लागतात आणि त्यात दिवस जाऊ शकतात. म्हणून आजच, काहीही सरेंडर न करता, लायसन्सच्या पानावर कोणता ईमेल दिसतो तो बघा आणि त्या खात्यात लॉगिन होतं का ते तपासा. होत नसेल तर आधी ते सोडवा. जुनं मशीन चालू आहे तोवर तुमचा धंदा थांबत नाही, म्हणून हीच योग्य वेळ.

मशीन सरेंडर करायच्या आधीच बंद पडलं तर? रस्ता बंद होत नाही. नव्यावर रिॲक्टिव्हेट करून बघा, अडलं तर पार्टनर किंवा टॅलीच्या सपोर्टकडून जुनी नोंद काढून घ्यावी लागते. फक्त मग तुम्ही त्यांच्या वेळेवर अवलंबून. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला, की दहा-बारा वर्षांच्या जुन्या मशीनवर भरवसा ठेवू नये. कूलरसमोर ठेवलेल्या मशीनच्या आत तर दमट धूळ साचलेली असते, तिने पॉवर सप्लाय आणि बोर्ड दोन्ही जातात.

टॅलीच्या आवृत्तीकडेही लक्ष द्या. तुमचं टीएसएस, म्हणजे वार्षिक नूतनीकरण, संपलेलं असेल तर त्याच्या मुदतीपर्यंत निघालेल्याच आवृत्त्या तुमच्या लायसन्सवर चालतात. नव्या मशीनवर साइटवरून सर्वांत ताजी आवृत्ती टाकली आणि टीएसएस संपलेलं असलं, तर लायसन्स खरं असूनही ती चालणार नाही. जुन्यावर कोणती आवृत्ती आहे ते लिहून घ्या आणि तीच टाका. ताज्या आवृत्तीत घाईने डेटाही उघडू नका, कारण २०२३ मध्ये आलेल्या रिलीज ३.० पासून डेटाची रचना बदलली आहे. त्यात उतरवलेला डेटा आधीच्या रिलीजमध्ये परत उघडत नाही. डेटा फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच, कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतं. तिथला आकड्यांच्या नावाचा फोल्डर पूर्ण कॉपी करायचा. लायसन्स लागलंय की नाही याची साधी खूण: व्हाउचरला फक्त महिन्याची १, २ आणि शेवटची तारीख घेत असेल, तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये आहे. जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास हे काम काढू नका.

आता श्रीलिपी, म्हणजे तुमच्या धंद्याचं पोट. इथे लायसन्स लॉकमध्ये आहे. लॉक काढून नव्या मशीनला लावलं की लायसन्स गेलं, कुणाची परवानगी नको, सरेंडर नको. अडचण असते ती ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला लॉक ओळखायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, आणि लॉक ज्यात बसतं त्या खाचेची.

लॉक यूएसबीचं असेल तर निम्मं काम झालं. आधी लॉक न लावता ड्रायव्हर टाका, मशीन रिस्टार्ट करा, मग लॉक लावा. लॉकमध्ये छोटा दिवा असेल आणि तो लागला, तर ड्रायव्हरने लॉक ओळखलंय असं समजा. जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर टाकू नका. तो ३२-बिट विंडोजच्या काळातला असू शकतो आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. पॅकेज देणाऱ्यांकडून किंवा लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घ्या. सेंटिनेल किंवा हॅस्प जातीचं लॉक असेल तर ड्रायव्हर बसल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन आणि १९४७ टाकल्यावर एक पान उघडतं. त्यात लावलेली लॉकं यादीत दिसतात. तिथे लॉक दिसतंय पण श्रीलिपी "लॉक सापडत नाही" म्हणतेय, तर दोष सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा. तिथेही दिसत नसेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा यूएसबी खाचेचा. एवढं कळलं तरी सपोर्टशी फोनवर बोलताना अर्धा तास वाचतो.

विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय नव्या मशीनवर बहुधा चालूच असते. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे ती सापडेल. जुने लॉक-ड्रायव्हर ती अडवते. बरेच जण सरळ ती बंद करून मोकळे होतात. माझं मत: आधी नवा ड्रायव्हर शोधा, अगदीच नाही मिळाला तर बंद करण्याचा विचार करा, आणि ते मशीन पेनड्राइव्हवर फायली घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वापरू नका. छपाईच्या दुकानात दिवसभर परक्या पेनड्राइव्ह लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडून, श्रीलिपी चालवायचा विचार असेल, तर काही लॉकं तसं जोडल्यावर मुद्दाम काम करत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

लॉक जुन्या प्रिंटर पोर्टचं, पंचवीस पिनांचं असेल तर मामला अवघड आहे. नव्या बोर्डांवर ते पोर्ट बहुधा नसतं. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊ नका, ती प्रिंटरसाठी असते आणि लॉकं सहसा तिच्यावर चालत नाहीत. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं पॅरलल कार्ड कधी कधी चालतं, पण दुकानदाराला "चाललं नाही तर परत घेशील" असं बोलूनच घ्या. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे पॅकेज देणाऱ्यांकडे जुनं लॉक देऊन यूएसबीचं किंवा अपग्रेड मागणं. काही पैसे लागतील, पण ते नव्या पॅकेजपेक्षा कमी पडतात का ते विचारून बघा. लॉक हरवलं म्हणजे लायसन्स गेलं असंच बहुतेक कंपन्या धरतात, म्हणून हलवाहलवीत ते खिशात घालून फिरू नका. लॉकची नक्कल करून देतो म्हणणारे भेटतील. तो कायद्याच्या बाहेरचा मामला आहे, आणि लॉकचं सोंग घेणाऱ्या त्या प्रोग्रामसोबत, म्हणजे एम्युलेटरसोबत, काय काय आत येतं ते कुणी सांगू शकत नाही.

तुमची श्रीलिपी लॉकऐवजी सॉफ्ट लायसन्सवर असेल, म्हणजे मशीनला काहीच लावलेलं नसेल, तर ती पुन्हा टॅलीच्या गटात जाते. यात बहुधा मशीनची माहिती असलेली एक फाइल बनवून कंपनीला पाठवायची आणि त्यांच्याकडून आलेली फाइल लावायची, अशी देवाणघेवाण असते. जुन्या मशीनवरून लायसन्स काढल्याची फाइलही मागतात. ती फाइल फॉरमॅट मारल्यावर बनवता येत नाही, हे सांगायला हवं का!

फॉन्टची गोष्ट लायसन्समध्ये मोडत नाही, पण तुमचं जास्त नुकसान तिथे होऊ शकतं. जुन्या पत्रिका श्री-देव-०७१४ वगैरे फॉन्टमध्ये असतील. हे युनिकोड नाहीत, म्हणजे फॉन्ट नसला की तीच अक्षरं इंग्रजी दिसतात. फॉन्ट बसवण्याआधी नव्या मशीनवर पेजमेकरची जुनी फाइल उघडली, तर फॉन्ट सापडत नाही म्हणून खिडकी येते आणि पर्यायी फॉन्ट विचारते. तिथे टेम्पररी आणि परमनंट असे दोन पर्याय असतात. परमनंट निवडून फाइल सेव्ह केली की "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा कायमचा बसतो. कोरललाही तसंच. म्हणून क्रम पक्का: आधी श्रीलिपी आणि तिचे सगळे फॉन्ट, मग पेजमेकर आणि कोरल, आणि जुन्या फायली उघडायच्या त्या कॉपीवरून.

पेजमेकर ७ ही २००१ ची आवृत्ती, फक्त सिरियल नंबर मागते, ऑनलाइन ॲक्टिव्हेशन नाही. नंबर सीडीच्या कव्हरवर असेल. तो आणि बिल जपून ठेवा, तेच तुमचं लायसन्स. एखादी जुनी पत्रिका उघडून प्रत्यक्ष प्रिंट निघेपर्यंत पेजमेकर नव्यावर चालतंय असं म्हणू नका.

कोरल ड्रॉचं आवृत्तीवर अवलंबून आहे. अलीकडच्या आवृत्त्या कोरलच्या खात्याला बांधलेल्या असतात. खात्यात लॉगिन करून तुमच्या उपकरणांच्या यादीतून जुनं काढायचं आणि नव्यावर लॉगिन करायचं. जुन्या, सिरियल नंबरच्या आवृत्त्यांत सर्व्हर मोजदाद ठेवतो, आणि मोजदाद भरली की सपोर्टशी बोलावं लागतं. वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर असाल तर काहीच चिंता नाही, जुन्यावरून साइन आउट, नव्यावर साइन इन.

आतापर्यंत सगळीकडे आधी जुन्यावरून सोडा, मग नव्यावर घ्या, असं सांगितलं. याला एक मोठा अपवाद आहे. सॉफ्टवेअर इतकं जुनं असेल की त्याचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच बंद झाला असेल, तर सोडू नका! ॲडोबने फोटोशॉप सीएस२ चा सर्व्हर केव्हाच बंद केला, आणि अशी उदाहरणं वाढतच जाणार. डिॲक्टिव्हेट बटण दाबलं आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करायला पलीकडे कुणी नाही, असं झालं तर चालतं लायसन्स आपल्या हातानेच घालवल्यासारखं होईल. तुमच्याकडे असं काही बॉक्समधलं जुनं फोटोशॉप वगैरे असेल, तर आधी कंपनीच्या साइटवर त्या आवृत्तीचं ॲक्टिव्हेशन अजून सुरू आहे का ते बघा. नसेल, तर ते जुन्या मशीनवर तसंच राहू द्या.

अँटीव्हायरस सगळ्यांत शेवटी. जुन्यावर नेट चालू ठेवून अनइन्स्टॉल करा, म्हणजे बहुधा सर्व्हरवर की मोकळी होते. मग नव्यावर तीच की. नेट बंद ठेवून अनइन्स्टॉल केलं, तर की "आधीच वापरात आहे" असं दिसू शकतं आणि फोन करत बसावं लागतं. उरलेले दिवस थोडेच असतील तर एवढाही उपद्व्याप नको, मुदत संपल्यावर नवी घ्या, तोवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पहिल्या दिवशी काहीच काढायचं नाही, फक्त लिहायचं: प्रत्येक सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, सिरियल नंबर, ईमेल, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, बिल आहे की नाही. हे कागदावर लिहा, त्याच कॉम्प्युटरवरच्या वर्ड फाइलमध्ये नाही. मग जुन्या डिस्कची पूर्ण इमेज एक्स्टर्नल डिस्कवर. नंतर नव्यावर विंडोज खरी आहे याची खात्री, तिचे अपडेट, प्रिंटरचे ड्रायव्हर. मग लॉकचा ड्रायव्हर आणि श्रीलिपी, फॉन्ट, पेजमेकर, कोरल, आणि एका जुन्या कामाची चाचणी प्रिंट. हे जमलं की मग टॅली आणि ऑफिस, एकाच दुपारी, दुकान रिकामं असताना. शेवटी अँटीव्हायरस. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या किमान पंधरा दिवस आधी हे उरकलेलं असू द्या.

जुनं मशीन लगेच पोरांच्या हाती देऊ नका. निदान एक पूर्ण महिना, म्हणजे एक जीएसटी रिटर्न आणि दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांची रिपीट ऑर्डर होईपर्यंत, ते फॉरमॅट न मारता बाजूला राहू द्या. कुठला तरी फॉन्ट, कुठली तरी टेम्प्लेट राहिलेली असते. लॉक पॅरलल पोर्टचं निघालं आणि बदलून मिळालं नाही, तर ते मशीन नेटपासून पूर्ण तोडून फक्त श्रीलिपी आणि पेजमेकरसाठी ठेवणं हाही वाईट पर्याय नाही. तिथे पीडीएफ बनवायची, कोऱ्या पेनड्राइव्हने नव्यावर आणायची, छापायची. पुढे ते मशीन विकलं किंवा दिलं, तर डिस्क काढून घेऊन नवी छोटी एसएसडी लावून द्या. त्यावर गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, तुमचे हिशोब, सगळं आहे.

लॉकचा फोटो दोन्ही बाजूंनी टाका, आणि नव्या मशीनवर ती कमांड चालवून लायसन्सच्या प्रकारापुढे काय शब्द येतात ते कळवा. टॅलीचा टीएसएस कधीपर्यंत आहे तेही सांगा. त्यावरून कुठे पैसे लागतील ते नेमकं सांगता येईल.